डॉ. डोनोव्हन यांचा उल्लेख राहिला

महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत 'ऑर्डिनरी डिसेंट क्रिमिनल' या २००० सालच्या आयरिश चित्रपटावर लेख आला आहे. लेखकाला चित्रपट मनापासून आवडलेला दिसतो. त्यांचं वाचून मीही तो भाच्याच्या लॅपटॉपवर बघून टाकला. थॅडियस ओ'सलिव्हन यांचा हा सिनेमा करमणूक करतो यात वाद नाही. केव्हिन स्पेसीने रंगवलेला मायकेल लिंच दरोडे घालतो, पोलिसांची टर उडवतो, दोन सख्ख्या बहिणींबरोबर गुण्यागोविंदाने नांदतो आणि शेवटी सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन निघून जातो. (शेवट लेखातच फोडलेला आहे, त्यामुळे माझ्यावर राग नको.) कॉलिन फॅरेल त्यात अगदी पोरसवदा दिसतो.

इथवर माझं काही म्हणणं नाही. पण लेखाच्या उत्तरार्धात असं आहे की, लिंच हे पात्र डब्लिनच्या मार्टिन कॅहिल या खऱ्या दरोडेखोरावर बेतलेलं असून हा कॅहिलही असाच होता: श्रीमंतांच्या तिजोऱ्या फोडणारा, सरकारची फजिती करणारा, गोरगरिबांच्या वाटेला न जाणारा. तिथे मी अडले. माझी सगळी नोकरी मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत झाली. पोलीस आणि वकील ज्याला 'सीए रिपोर्ट' (म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल) म्हणतात, तो लिहिणाऱ्यांपैकी मी एक. कॅहिलचं नाव मला माहीत होतं ते वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण आपल्या लेखात कुठेही नाही.

ते कारण म्हणजे डॉ. जेम्स डोनोव्हन. आयर्लंडच्या सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेचे हे प्रमुख. १९८१ सालच्या एका सशस्त्र दरोड्यात कॅहिलवर खटला होता आणि त्यात डॉ. डोनोव्हन यांची साक्ष व्हायची होती. आधी त्यांच्या गाडीखाली एक स्फोटक लावलं गेलं, त्यातून ते बचावले. बचावल्यावर त्यांनी रजा टाकली नाही की साक्षीला नकार दिला नाही. मग ६ जानेवारी १९८२ रोजी सकाळी ते गाडी घेऊन कामावर निघाले असताना दुसरा बॉम्ब फुटला. जीव वाचला, पाय कायमचे जायबंदी झाले. पुढे शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया आणि जन्माचं दुखणं. त्या दरोड्याच्या खटल्यातून कॅहिल सुटला. बॉम्ब त्याच्याच टोळीने लावला हे आयर्लंडमध्ये कुणीही सांगेल, पण त्यासाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. डॉ. डोनोव्हन मात्र त्याच पायांनी पुन्हा प्रयोगशाळेत हजर झाले आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच काम करत राहिले.

श्रीमंतांच्या तिजोऱ्या वगैरे ठीक आहे. हा माणूस पगारी सरकारी नोकर होता. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने मुद्देमाल तपासला आणि जे दिसलं ते कागदावर लिहिलं.

वाचकांना आमच्या कामाची कल्पना नसते, म्हणून थोडं विषयांतर करते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार (नव्या संहितेत ते ३२९ झालं आहे) सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. त्यामुळे आमचे बहुतेक अहवाल टपालाने जातात आणि आम्ही टेबलामागेच राहतो. पण बचावपक्षाने आग्रह धरला किंवा न्यायाधीशांना शंका आली की समन्स येतं. मग नोंदवही घ्यायची, मुद्देमाल मिळाला तेव्हा लाखेची सीलं शाबूत होती का ते आठवायचं आणि परगावच्या कोर्टात जाऊन उभं राहायचं.

अशाच एका जिल्हा न्यायालयात मी साक्षीला गेले होते. खटला सुनेला जाळल्याचा होता. जळालेल्या साडीच्या तुकड्यांत रॉकेलचे अंश सापडल्याचा अहवाल माझ्या सहीचा होता. सासरचं म्हणणं, स्टोव्हचा भडका उडाला. साडी कुठे, किती आणि कशी भिजली होती यावर बरंच अवलंबून होतं. व्हरांड्यातल्या बाकावर बसले असताना एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. पांढरे स्वच्छ कपडे, कपाळाला गंध, बोलणं असं की ऐकत राहावं. "ताई, उन्हाच्या आलात. चहा सांगतो." मी नको म्हटलं. "मग उसाचा रस तरी घ्या. इथला चांगला असतो." मग मुलांची चौकशी झाली. मग म्हणाले, "डोंबिवलीहून कुर्ल्याला उतरत असाल ना? संध्याकाळची गर्दी फार. एकट्या बाईमाणसाने जपून असावं." माझं गाव मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. ते आरोपीचे थोरले भाऊ होते हे नंतर कोर्टाच्या हवालदाराने सांगितलं.

त्या माणसाने आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, हात लावला नाही. त्याच्या बोलण्यातला एकही शब्द मी तक्रार म्हणून लिहून दिला असता तर वाचणारा हसला असता. साक्ष मी दिली. उलटतपासणीत वकिलांनी विचारलं की रॉकेल स्टोव्हमधून उडालं नसेलच असं छातीठोक सांगता का. मी म्हटलं, प्रयोगशाळा छातीठोक सांगत नाही, जेवढं सापडलं तेवढं सांगते. पण त्यानंतर बरेच दिवस कुर्ल्याच्या जिन्यावर मी मागे वळून बघत असे. तेव्हा गुंडाच्या लाघवीपणाबद्दल कुणी कौतुकाने लिहू लागलं की मला त्या उसाच्या रसाची आठवण येते.

आता खरा कॅहिल. जन्म १९४९ चा, डब्लिनचा. घरची गरिबी, मोठं कुटुंब. पोरवयात घरफोडीत सापडला तेव्हा त्याला डेंगन इथल्या धर्मसंस्थेने चालवलेल्या सुधारगृहात दोन वर्षं ठेवलं होतं. त्या सुधारगृहात मुलांना कसं फोडून काढत, ते २००९ साली आयर्लंडच्या चौकशी आयोगाने अहवालात मांडलं आहे. ज्याला कॅहिलविषयी सहानुभूती वाटते त्याने ती इथे खर्च करावी, मी हरकत घेणार नाही. राथमाइन्सची हॉलीफील्ड ही नगरपालिकेची चाळ पाडायला घेतली तेव्हा सगळे उठले, हा उठेना. चाळ पडली तरी तिथेच तंबू ठोकून राहिला. यावर सिनेमा काढावासा का वाटतो, हे मलाही कळतं.

त्याच्या चोऱ्यांतली हुशारीही खरी आहे. २१ मे १९८६ च्या रात्री विकलो परगण्यातल्या रसबरो हाउसवर त्याने घातलेला दरोडा तर पटकथाकाराने लिहावा असाच. हा वाडा सर आल्फ्रेड बीट यांचा. त्यांच्या घराण्याचा पैसा दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांचा आणि सोन्याचा. टोळीने आधी मुद्दाम धोक्याची घंटा वाजू दिली आणि झाडीत लपून बसले. पोलीस आले, शोधलं, काही सापडलं नाही, घंटाच बिघडली असणार म्हणून परत गेले. मग हे लोक निवांत आत शिरले आणि काही मिनिटांत अठरा चित्रं घेऊन पसार झाले. त्यांच्या थोर चित्रकारांत व्हर्मीर होता, गोया होता, रुबेन्स होता. यांतली सात चित्रं जवळच टाकून दिलेली सापडली. व्हर्मीरचं ते चित्र, मोलकरीण उभी आहे आणि बाई टेबलाशी बसून पत्र लिहिते आहे ते, १९७४ साली आयआरएच्या (ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सशस्त्र संघटनेच्या) लोकांनीही याच वाड्यातून पळवलं होतं. म्हणजे दुसऱ्यांदा गेलं. बीट पतिपत्नींनी १९८७ साली आपली उत्तमोत्तम चित्रं आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनाला देऊन टाकली, तेव्हा त्या यादीत चोरांच्या ताब्यात असलेली चित्रंही होती! यावर मीसुद्धा हसले.

पण पुढचं कुणी सांगत नाही. असली चित्रं उघड्या बाजारात विकता येत नाहीत, कारण जगातला प्रत्येक जाणकार ती ओळखतो. ती फक्त गुन्हेगारी जगातच तारण म्हणून फिरतात. त्याच चोरीतलं, मेत्सू या चित्रकाराचं एक चित्र १९९० साली इस्तंबूलमध्ये सापडलं. हेरॉइनच्या बदल्यात ते द्यायचं चाललं होतं. व्हर्मीर १९९३ साली अँटवर्पमध्ये मिळाला. श्रीमंताच्या भिंतीवरून उतरलेलं चित्र शेवटी कुणाच्या शिरेत उतरणार होतं, याचाही विचार व्हावा.

आणि दागिन्यांचं काय? जुलै १९८३ मध्ये डब्लिनच्या हॅरल्ड्स क्रॉस भागातल्या ओ'कॉनर या दागिन्यांच्या कारखान्यातून टोळीने सुमारे वीस लाख पौंडांचं सोनं आणि हिरे नेले. या दरोड्याच्या कथा अजून रंगवून सांगतात. कारखाना पुढे बंद पडला आणि शंभराहून जास्त कामगार घरी बसले. गिरणी बंद पडल्यावर घरात काय होतं ते मुंबईच्या वाचकाला मी सांगायला नको. गोरगरिबांच्या वाटेला न जाणारा हा तो माणूस.

बेकारभत्त्याची गोष्टही लेखात गंमत म्हणून आली आहे. लाखो पौंडांचे दरोडे घालणारा कॅहिल दर आठवड्याला रांगेत उभा राहून बेकारभत्ता घ्यायचा, हे खरंच. १९८८ साली आयरिश दूरदर्शनच्या पत्रकाराने त्याला रस्त्यात गाठून हे चव्हाट्यावर आणलं. पण गोष्ट तिथे संपली नाही. त्याचा भत्ता थांबवण्याच्या प्रकरणात ज्याचं नाव होतं, त्या समाजकल्याण खात्याच्या ब्रायन पर्सेल या अधिकाऱ्याला १९८९ मध्ये घरातून उचलून नेलं आणि दोन्ही पायांवर गोळ्या झाडल्या. पुन्हा सरकारी नोकर आणि पुन्हा पायच. हे पर्सेल पुढे आयर्लंडच्या न्याय खात्याचे सर्वोच्च अधिकारी झाले, ही जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट. आपल्याच एका साथीदाराने माल लपवला या संशयावरून कॅहिलने त्याचे हात खिळ्यांनी ठोकले होते, तेही प्रसिद्ध आहे.

मिकी माउसच्या चड्ड्या, कोर्टाबाहेर पँट खाली करणं, पोलिसांच्या गोल्फ मैदानावर खड्डे खणणं हे सगळं त्याने केलं. पण तो चेहरा दाखवत नसे. बाहेर पडला की तोंडावर पंजा धरायचा आणि बोटांच्या फटीतून बघायचा, नाहीतर डोक्यावरून बुरखा ओढायचा. बुटका, टक्कल पडलेला, मधुमेहाने बेजार माणूस. ज्या लोभस चेहऱ्यावर आपण भाळतो, तो स्पेसीचा आहे. मूळ चेहरा त्याच्या शहरानेही धड पाहिलेला नव्हता.

लेखकाने जॉन बूरमन यांच्या 'द जनरल'चा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, तो मला फार अन्यायाचा वाटला. तोही याच कॅहिलवरचा, १९९८ चा, कृष्णधवल. कान चित्रपट महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. विशेष म्हणजे या कॅहिलने बूरमन यांच्या स्वतःच्या घरीही चोरी केली होती आणि त्यांना मिळालेली गाण्याची सोनेरी तबकडी ('गोल्ड रेकॉर्ड') नेली होती. चित्रपटात तो प्रसंग आहे: तबकडी मोडून बघतो तर आत सोनं नाहीच. ज्याचं घर फुटलं त्या माणसाने चोरावर इतका समजूतदार सिनेमा काढावा, हे मोठेपण आहे. ब्रेंडन ग्लीसनचा कॅहिल विनोदी आहे, हुशार आहे आणि तरी त्याच्याबरोबर एका खोलीत बसायची आपली इच्छा होत नाही. न्यायसहायक तज्ज्ञावरचा बॉम्बही बूरमन यांनी वगळलेला नाही. गुन्हेगारावर सिनेमा काढूच नये असं माझं म्हणणं नाही, हे या चित्रपटावरून ध्यानात यावं. काय दाखवायचं आणि काय गाळायचं, एवढाच प्रश्न आहे. आणि सिनेमावाल्याने गाळलं तरी वर्तमानपत्राने गाळू नये.

आपल्याकडेही हे होतंच. १९८६ च्याच एप्रिलमध्ये, म्हणजे रसबरोच्या दरोड्याच्या थोडं आधी, तिहारमधून पळालेल्या चार्ल्स शोभराजला मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात पकडलं. त्या हॉटेलात नंतर पुतळा बसवला तो शोभराजचा. टेबलाशी आरामात बसलेला, शेजारी फोटो काढायला जागा. ज्याच्यावर एकामागून एक खुनांचे आरोप होते त्याच्या खांद्यावर हात ठेवून पर्यटक फोटो काढत. झेंड्यांवर सिनेमा यायला २०२५ साल उजाडावं लागलं. आला आणि लोकांनी बघितलाही, चिन्मय मांडलेकरांचे त्याबद्दल आभार.

कॅहिलचा शेवट लिंचसारखा झाला नाही. १८ ऑगस्ट १९९४ रोजी भाड्याने आणलेली व्हिडिओ कॅसेट परत करायला निघाला असता डब्लिनच्या रानेला भागात चौकात गाडी थांबली आणि बंदूकधाऱ्याने त्याला गोळ्या घातल्या. आयआरएने जबाबदारी घेतली. डब्लिनची टोळीबाजी त्याच्याबरोबर थांबली नाही. दोन वर्षांनी, २६ जून १९९६ ला, टोळ्यांबद्दल निर्भयपणे लिहिणाऱ्या व्हेरोनिका गेरिन या पत्रकाराला सिग्नलला थांबलेल्या गाडीत गोळ्या घातल्या. तेव्हा कुठे आयर्लंडने गुन्ह्याच्या पैशावर थेट हात घालणारा कायदा आणि त्यासाठी वेगळं खातं उभं केलं. डब्लिन कॅसलच्या बागेत गेरिन यांचा अर्धपुतळा आहे. आपण वर्तमानपत्रवाले, म्हणून मुद्दाम सांगितलं.

राहता राहिलं डॉ. डोनोव्हन यांच्यावर चित्रपट होण्यासारखं काय आहे, हे. कोणी म्हणेल, प्रयोगशाळेत बसलेल्या माणसावर काय सिनेमा काढणार? तर ऐका. २७ ऑगस्ट १९७९ ला लॉर्ड माउंटबॅटन, आपले शेवटचे व्हाइसरॉय, स्लायगो परगण्यात मुलामोरच्या समुद्रात बोटीवर असताना आयआरएच्या बॉम्बने मारले गेले. त्यांच्याबरोबर नातू आणि बोटीवर काम करणारा एक मुलगा, दोघंही पंधराच्या आतबाहेरचे, आणि एक वृद्ध स्त्रीही गेली. आता गंमत अशी की, टॉमस मॅकमहॉन हा ज्याला पुढे शिक्षा झाली, तो स्फोटाच्या वेळी पोलिसांच्याच ताब्यात होता! सुमारे दोन तास आधी दूरच्या एका गावात नाकाबंदीवर गाडी थांबवली, संशय आला, धरून ठेवलं. बॉम्ब फुटला तेव्हा त्याच्यासारखा बिनतोड बचाव दुसऱ्या कुणाकडे नव्हता. साक्षीदार नाही, कबुली नाही. होते ते बूट आणि कपडे.

ते डॉ. डोनोव्हन यांच्या टेबलावर आले. बुटांवर हिरव्या रंगाचे बारीक कण होते, ते माउंटबॅटन यांच्या 'शॅडो फाइव्ह' या बोटीच्या रंगाशी जुळले. वाळू होती, ती मुलामोरच्या वाळूशी जुळली. कपड्यांवर नायट्रोग्लिसरीनचे अंश मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅकमहॉनला जन्मठेप झाली. त्याच्याबरोबर पकडलेला दुसरा सुटला, कारण त्याच्याबाबतीत पुरावा पुरेसा ठरला नाही. हा तपशील मला सगळ्यात जास्त आवडतो. तेच टेबल, तोच तज्ज्ञ, एकाच गाडीतून आलेले दोघे. कण होते तिथे शिक्षा झाली, जिथे पुरेसे नव्हते तिथे सुटका. आणि आयआरएविरुद्ध अशी साक्ष दिल्यानंतर अवघ्या दोन-अडीच वर्षांत हाच माणूस दरोडेखोराच्या बॉम्बने पाय गमावण्याच्या बेतात येतो. यात नाट्य नाही असं कोण म्हणेल? एखाद्या निर्मात्याला विषय हवा असेल तर हा फुकट घ्यावा. प्रयोगशाळेतलं दृश्य लिहायला मदत लागली तर मी मानधन मागणार नाही. फक्त पडद्यावर निळ्या धुरातली काचपात्रं नकोत. आमच्याकडे धूर निघाला की आधी खिडक्या उघडतात.

आपली,
एक निवृत्त सहायक रासायनिक विश्लेषक,
डोंबिवली (पूर्व)

ता.क. लेखात लिंच व्हर्मीर चोरतो असं छापलं आहे. चित्रपटात तो कॅराव्हॅजिओचं 'द टेकिंग ऑफ क्राइस्ट' पळवतो. हे चित्र डब्लिनच्या जेझुइट पाद्र्यांच्या भोजनगृहात कितीतरी वर्षं दुसऱ्याच चित्रकाराच्या नावावर लटकत होतं. १९९० साली साफसफाईसाठी बघायला आलेल्या कलादालनाच्या तज्ज्ञाने ते ओळखलं आणि १९९३ पासून ते डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी.